नव्वद मिनिटांचा हिशेब

दिल्लीतील ग्रीन पार्क भागातल्या उपहार चित्रपटगृहाला १३ जून १९९७ रोजी दुपारच्या खेळाच्या वेळी आग लागली. तळमजल्यावरील वाहनतळाला लागून विद्युत मंडळाचे रोहित्र होते. आगीचे मूळ तिथे होते. वर बाल्कनीत बसलेल्या प्रेक्षकांपर्यंत पोचला तो धूर. त्यात गुदमरून ५९ जणांचा मृत्यू झाला, शंभराहून अधिक जखमी झाले. या प्रकरणाच्या निकालपत्रांत वाढवलेल्या खुर्च्या, बुजवलेली मार्गिका आणि न उघडलेली दारे यांची सविस्तर चर्चा आहे. सार्वजनिक स्मरणातही तेवढेच राहिले. त्याच निकालपत्रांतील एक मुद्दा मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. वीज गेल्यावर लोकांना वाट दाखवणारे आपत्कालीन दिवे आणि बाहेर पडण्याच्या दारांवरील प्रकाशित पाट्या तिथे नव्हत्या. प्रेक्षकांना सावध करणारी सूचनाही ध्वनिक्षेपकावरून दिली गेली नाही. लोक अंधारात आणि धुरात दार चाचपडत राहिले.

पाव शतकाहून अधिक काळ लोटला. या काळात देशात मोठी आग लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इमारतीकडे अग्निशमन दलाचे ‘ना हरकत’ प्रमाणपत्र होते का? नसेल तर मालकाला अटक होते; असेल तर ते देणाऱ्या अधिकाऱ्याचे निलंबन होते. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. जिन्यातला दिवा शेवटचा कधी तपासला गेला, वीज तोडल्यावर तो किती मिनिटे जळला आणि हे कोणी, कुठे लिहून ठेवले, हे आपण विचारायला हवे. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या इमारतीत मिळतात, तिथे अग्निसुरक्षेची बाकीची व्यवस्थाही सहसा जागेवर असते. ज्या इमारतीत मिळत नाहीत, तिथे भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्राचा अर्थ फार थोडा उरतो.

जनित्र म्हणजे आपत्कालीन दिवा नव्हे

आपल्याकडे या विषयाचा पहिला घोळ शब्दांचा आहे. भारनियमनाची सवय असलेल्या देशात ‘आपत्कालीन प्रकाश’ म्हटले की जनरेटर किंवा इन्व्हर्टर डोळ्यांपुढे येतो. वीज जाते, काही क्षण काळोख होतो, तळघरात जनित्राची घरघर सुरू होते आणि दिवे येतात. या व्यवस्थेने आपल्याला आणखी एक सवय लावली आहे. दिवे गेले की आपण जागचे हलत नाही. ‘येतील आता’ म्हणून थांबतो. एरवी ही सवय निरुपद्रवी आहे. आगीच्या वेळी मात्र तीच घातक ठरते, कारण अशा वेळी पहिली दोन-तीन मिनिटेच मोलाची असतात.

आग लागलेल्या भागाचा वीजपुरवठा तोडणे हे बचावकार्याचे पहिले पाऊल असते. जनित्र कितीही मोठे असले, तरी ज्या तारांतून त्याची वीज दिव्यांपर्यंत यायची त्या जळाल्या किंवा तोडल्या गेल्या, तर त्याचा उपयोग नाही. शिवाय कित्येक इमारतींत जनित्र आणि विद्युत पॅनेल तळघरात असतात आणि आगही तिथेच सुरू होते. म्हणूनच सुटकेच्या मार्गावरील दिव्याला मुख्य पुरवठ्यापासून स्वतंत्र स्रोत असावा लागतो. हा स्रोत म्हणजे बहुधा त्या दिव्याच्या पेटीतच बसवलेली छोटी बॅटरी, किंवा आगीत टिकाव धरणाऱ्या तारांनी जोडलेला मध्यवर्ती बॅटरीसंच. एरवी बॅटरी मुख्य विजेवर भारित होत राहते. वीज जाताच दिवा आपोआप लागतो.

भारतीय मानक ब्यूरोच्या राष्ट्रीय इमारत संहितेत याचे नियम आहेत. १९७० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या या संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीचा चौथा भाग अग्नी आणि जीवितसुरक्षेला वाहिलेला आहे. सुटकेच्या मार्गाच्या मध्यरेषेवर जमिनीच्या पातळीला किमान १० लक्स प्रकाश असावा आणि इमारत कितीही लहान असली तरी हे दिवे किमान नव्वद मिनिटे जळत राहावेत, अशी तिची अपेक्षा आहे. नव्वद मिनिटांत इमारत रिकामी व्हावी, आत अडकलेल्यांना शोधता यावे आणि अग्निशमन जवानांनाही परतीची वाट दिसावी, एवढा विचार या आकड्यामागे आहे. नियतकालिक तपासणी आणि चाचणी करून ही व्यवस्था सदैव कार्यक्षम ठेवावी, असेही संहिता सांगते.

बटण दाबून काय कळते?

यातला ‘चाचणी’ हा शब्द नीट समजून घेतला पाहिजे. आपत्कालीन दिव्याच्या पेटीवर एक छोटे बटण असते. ते दाबले की दिवा लागतो. दिवा आणि त्याचे सर्किट जिवंत आहे, एवढे त्यावरून कळते. बॅटरीत किती दम आहे ते कळत नाही. म्हातारी झालेली बॅटरी तीस सेकंद दिवा अगदी लख्ख पेटवते आणि दहाव्या मिनिटाला मान टाकते. हा दोष शोधण्याचा उपाय एकच आहे: त्या भागाचा प्रकाशपुरवठा तोडायचा, घड्याळ लावायचे आणि पूर्ण नव्वद मिनिटे थांबायचे.

म्हणून अमेरिकेच्या जीवितसुरक्षा संहितेत दरमहा किमान तीस सेकंदांची आणि वर्षातून एकदा नव्वद मिनिटांची अशा दोन चाचण्या सांगितल्या आहेत. त्यांच्या लेखी नोंदी तपासणी अधिकाऱ्यासाठी ठेवाव्या लागतात. ब्रिटनमध्येही दरमहा छोटी आणि वर्षातून एकदा पूर्ण कालावधीची चाचणी करून ती नोंदवहीत उतरवण्याची पद्धत मानकांनी घालून दिली आहे. आपल्या संहितेत ‘नियतकालिक’ हा शब्द आहे. पण दरमहा किती सेकंद, वर्षातून किती मिनिटे आणि नोंद कोणत्या नमुन्यात, हे सांगणारी नेमकी भाषा त्या वाक्यात नाही. ही उणीव छोटी वाटते, पण पुढची सारी पळवाट तिथूनच सुरू होते.

भारतात तर या चाचणीची गरज अधिकच आहे. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण वीस ते पंचवीस अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून सांगितलेले असते. तापमान दहा अंशांनी वाढले की हे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा या व्यवसायातला ठोकताळा आहे. नागपूर, अहमदाबाद किंवा दिल्लीच्या मे महिन्यात गच्चीखालच्या जिन्यात छताला टांगलेल्या पेटीतील तापमान किती असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. उत्पादकाच्या कागदावर चार वर्षे टिकणारी बॅटरी तिथे दोन वर्षांतच संपण्याची शक्यता असते. त्यात वीजबचतीसाठी रात्री जिन्याचे सगळे सर्किटच बंद करण्याची पद्धत असेल, तर बॅटरी रोज रात्री पूर्ण रिकामी होते आणि आणखी लवकर मरते. बाहेरून पेटी तशीच दिसते. तिच्यावरची हिरवी खूणही कधी कधी लुकलुकत राहते.

पूर्ण कालावधीच्या चाचणीत एक खरी अडचण आहे. नव्वद मिनिटे जळून रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरायला साधारण एक दिवस लागतो. तोपर्यंत तो मार्ग असुरक्षित राहतो. कार्यालय किंवा शाळा असेल तर सुट्टीच्या दिवशी चाचणी घेता येते. रुग्णालय कधीच रिकामे नसते. तिथे मजल्यामजल्याने, एकाआड एक दिवे घेऊन चाचणी करावी लागते आणि आज कोणता दिवा तपासला, उद्या कोणता राहिला याचा काटेकोर हिशेब ठेवावा लागतो. म्हणजे नोंदीशिवाय ही चाचणी नीट करताच येत नाही. नोंद हा तिचाच एक भाग आहे. ती उरकल्यानंतर करायचे कारकुनी काम नव्हे.

निष्कलंक नोंदवह्या

कामानिमित्त वेगवेगळ्या राज्यांतील सार्वजनिक इमारतींत जाणे होते, तेव्हा ही नोंदवही पाहायला मागण्याची मला सवय आहे. बहुतेक ठिकाणी ती नसतेच. जिथे असते तिथे ती थक्क करण्याइतकी निर्दोष असते. एका राज्याच्या राजधानीतील सार्वजनिक रुग्णालयात मला तीन वर्षांची नोंदवही दाखवण्यात आली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एकाच शाईत, एकाच वळणात शेरा होता: ‘सर्व दिवे चालू.’ छत्तीस महिन्यांत एकही दिवा बिघडला नव्हता, एकही बॅटरी बदलली नव्हती. आम्ही उभे होतो त्याच मार्गिकेत एक पेटी उघड्या झाकणानिशी लोंबकळत होती आणि आत बॅटरी नव्हती. तिच्याकडे बोट दाखवल्यावर तिथला वीजतंत्री शांतपणे म्हणाला, “बंद आहे असे लिहिले, तर दुरुस्त का केला नाही म्हणून उद्या मलाच विचारतील. बॅटरी मागवणे माझ्या हातात आहे का?”

या उत्तरात आपल्या अग्निसुरक्षा प्रशासनाचे सारे दुखणे आहे. बिघाड कळणारा माणूस एक आणि पैसे मंजूर करणारा दुसरा. पहिल्याने खरे लिहिले की जबाबदारी त्याच्याच गळ्यात पडते. दुसऱ्याला ते वाचण्याची सक्ती नाही. देखभालीचे कंत्राट सर्वात कमी दराने दिलेले असते आणि त्यात बॅटरी बदलण्याचा खर्च बहुधा धरलेलाच नसतो. तपासणीला येणाऱ्याला स्वच्छ नोंदवही हवी असते. ती त्याला मिळते. वर्षभरात एकही दोष न दाखवणारी नोंदवही ही कोणत्याही जाणकाराने सर्वात आधी संशयाने पाहावी अशी वस्तू आहे. पन्नास-शंभर दिवे असलेल्या इमारतीत दर वर्षी काही बॅटऱ्या मरणारच. खऱ्या नोंदवहीत खाडाखोड असते, ‘बंद’ असे शेरे असतात, मागणीपत्रांचे क्रमांक असतात, बदललेल्या बॅटऱ्यांच्या तारखा असतात. आपली व्यवस्था मात्र अशाच नोंदवहीला शिक्षा करते.

प्रमाणपत्रांचे संघराज्य

कायदे नाहीत असे नाही. अग्निशमन सेवा हे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीनुसार नगरपालिकांकडे सोपवता येणारे काम आहे. इमारत संहिता मार्गदर्शक आहे. राज्यांनी आणि स्थानिक संस्थांनी ती आपल्या नियमांत घेतल्यावरच तिला बळ येते. त्यामुळे प्रत्येक राज्याची रीत वेगळी आहे. दिल्लीच्या २०१० च्या नियमांनुसार अग्निसुरक्षा प्रमाणपत्र निवासी इमारतींना पाच वर्षे आणि हॉटेलांसह अनिवासी इमारतींना तीन वर्षे चालते. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने मालक किंवा भोगवटादारावर अधिक कडक बंधन घातले आहे. यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र त्याला दर वर्षी जानेवारी आणि जुलै असे दोनदा द्यावे लागते. गुजरातमध्ये कोविडकाळातील रुग्णालय-आगींनंतर खासगी अग्निसुरक्षा अधिकाऱ्यांची व्यवस्था आली. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांसाठी आदर्श विधेयकही तयार केले.

या सर्वांत एक साम्य आहे. भर आहे तो प्रमाणपत्रावर, म्हणजे एका विशिष्ट दिवशी कोणीतरी दिलेल्या ग्वाहीवर. त्या दोन ग्वाहींच्या मधल्या काळात काय घडले, याचा पुरावा व्यवस्था मागत नाही. करोल बागेतील ज्या हॉटेलात १२ फेब्रुवारी २०१९ च्या पहाटे १७ जणांचा जीव गेला, त्याच्याकडे अग्निशमन सेवेचे प्रमाणपत्र होते. कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ च्या पहाटे तळघरातील आगीच्या धुराने नव्वदच्या आसपास माणसे मेली. त्यांतले बहुतेक अंथरुणावरचे रुग्ण होते. तळघर मोकळे करण्याची लेखी हमी त्याआधी काही महिन्यांपूर्वीच देण्यात आली होती. कागद दोन्हीकडे होता. मधल्या दिवसांचा हिशेब मात्र कुठेच नव्हता.

सर्वोच्च न्यायालयाला हे जाणवले नाही असे नाही. डिसेंबर २०२० मध्ये राजकोटच्या कोविड रुग्णालयातील आगीनंतर न्यायालयाने जिल्हा समित्यांमार्फत कोविड रुग्णालयांचे दरमहा अग्निसुरक्षा परीक्षण करण्याचे निर्देश दिले. पण महिन्याभरातच, ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात दहा बालके दगावली. तो कोविड कक्ष नव्हता. एका प्रकारच्या इमारतीसाठी, एका संकटापुरता दिलेला आदेश शेजारच्या कक्षापर्यंत पोचत नाही, हे त्या रात्रीने दाखवून दिले.

नोंद कोणाचे रक्षण करते?

भंडाऱ्याच्या प्रकरणात पुढे परिचारिकांवर गुन्हा नोंदवला गेला. त्यातील दोषादोष ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे. मला त्यातून दिसणारी गोष्ट निराळी आहे. दुर्घटनेनंतर जबाबदारी खाली घसरत जाते आणि पाळीवर असलेल्या शेवटच्या माणसापाशी येऊन थांबते. त्या माणसाच्या हाती बचावाचे एकच साधन असू शकते: तीन महिन्यांपूर्वी त्याने लिहिलेली तारीखवार नोंद आणि तिच्यावर वरिष्ठांनी केलेली, किंवा न केलेली, सही. नोंदवही आपल्या विरुद्ध वापरली जाते, असे त्या वीजतंत्र्याला वाटत होते. नियम नीट केले तर तीच त्याची ढाल ठरेल.

नोंदींची ताकद सर्वात चांगली कोणाला कळते, हेही उपहार खटल्याने दाखवले आहे. न्यायालयाच्या ताब्यातील कागदांत छेडछाड झाल्याचे २००२ मध्ये उघडकीस आले. काही पाने गायब होती, काही फाडलेली, काहींवर शाई सांडलेली. रोहित्राच्या दुरुस्तीशी संबंधित अग्निशमन सेवेच्या नोंदी, व्यवस्थापकीय संचालकांच्या बैठकांची इतिवृत्ते आणि धनादेश यांचा त्यांत समावेश होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने चित्रपटगृहाच्या मालक बंधूंना आणि न्यायालयाच्या एका माजी कर्मचाऱ्याला या प्रकरणी सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढच्या वर्षी अपिलात भोगलेली कैद पुरेशी मानून त्यांची सुटका झाली. मूळ खटल्यात अग्निशमन सेवेच्या एका विभागीय अधिकाऱ्याची दोषसिद्धीही सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली होती. मृतांच्या नातेवाइकांची संघटना दोन दशकांहून अधिक काळ लढली ती बहुतांशी कागदासाठी: कोणाला काय ठाऊक होते आणि ते केव्हा, हे सिद्ध करण्यासाठी.

राष्ट्रीय पातळीवरही नोंदीची हीच उणीव आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात आगीच्या दुर्घटनांतील मृत्यूंचा आकडा सात हजारांहून अधिक आहे. शॉर्टसर्किट, गॅस सिलिंडर, फटाके अशी आगीच्या कारणांची वर्गवारी त्यात मिळते. आग का लागली ते कळते. माणसे बाहेर का पडू शकली नाहीत ते कळत नाही. सुटकेचा मार्ग उजळलेला होता का, दार उघडे होते का, असा रकानाच त्यात नाही. ज्याची मोजणी होत नाही त्यासाठी तरतूदही होत नाही.

काय करता येईल

यावर नेहमीचा आक्षेप ठाऊक आहे: यातून ‘इन्स्पेक्टर राज’ वाढेल, छोट्या शिकवणी वर्गाला आणि दवाखान्याला हे झेपणार नाही. आक्षेप पूर्णपणे चुकीचा नाही. म्हणूनच नवी परवानगी, नवा दाखला यांची मागणी मी करत नाही. चार गोष्टी पुरेशा आहेत.

पहिली, चाचणीचा काळ नियमात नेमकेपणाने लिहावा: दरमहा छोटी चाचणी, वर्षातून एकदा नव्वद मिनिटांची. प्रत्येक दिव्याला क्रमांक असावा. नोंदीत तारीख, दिवा किती मिनिटे जळला, दोष, दुरुस्तीची तारीख आणि सही एवढेच रकाने असावेत. वीस दिव्यांच्या इमारतीला त्यासाठी एक वही पुरते. मोठ्या इमारतींसाठी स्वतःची चाचणी स्वतःच करून निकाल साठवणारे दिवे बाजारात आहेत. नव्या रुग्णालयांच्या निविदांत त्यांचा समावेश करता येईल.

दुसरी, दोष आणि लपवाछपवी यांत कायद्याने फरक करावा. नोंदवलेला आणि ठरलेल्या मुदतीत दुरुस्त केलेला दोष हा गुन्हा नसावा. कोरी किंवा खोटी नोंद मात्र असावी. दोष लिहिल्यापासून सात दिवसांत खर्च मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याची सही त्याच ओळीत व्हावी. तंत्र्याने लिहायचे आणि साहेबांनी न वाचायचे, ही सोय त्यामुळे संपेल.

तिसरी, तपासणीची रीत बदलावी. अधिकाऱ्याने नोंदवहीतून कोणतेही पाच दिवे निवडावेत, त्यांचा पुरवठा तोडावा आणि तिथेच थांबावे. दीड तासात त्या इमारतीची खरी स्थिती कळते. आधी रुग्णालये, शाळा, चित्रपटगृहे आणि मॉल, मग इतर इमारती, असा क्रम ठेवला तर अपुऱ्या मनुष्यबळातही हे शक्य आहे. वर्षभराच्या चाचणीचे एक पान उद्वाहनातील परवान्याप्रमाणे प्रवेशद्वाराशी लावले, तर लोकांचीही नजर राहील.

चौथी, दुर्घटना घडताच ही नोंदवही प्रथम ताब्यात घ्यावी आणि सुटकेच्या मार्गाची स्थिती चौकशी अहवालात व राष्ट्रीय आकडेवारीत स्वतंत्रपणे मांडावी.

हे आपल्याला न जमणारे काम नाही. बाष्पकांसाठी १९२३ च्या कायद्याने या देशात दर वर्षी नव्याने प्रमाणपत्र घेण्याची शिस्त घातली आणि ती शंभर वर्षे चालली. बाष्पक फुटला की कारखाना बंद पडतो, मालकाचे नुकसान होते. म्हणून तिथे तपासणीला वजन आले. जिन्यातला दिवा बंद पडला तर मालकाचे काहीच अडत नाही. ज्याचे अडते तो त्या वेळी जिन्यात असतो. म्हणूनच हे वजन कायद्याने आणावे लागेल.

त्याची सुरुवात महाराष्ट्रालाही करता येईल. जानेवारी आणि जुलैमध्ये भोगवटादारांकडून प्रमाणपत्र घेण्याची चौकट इथे आधीच आहे. जुलैच्या प्रमाणपत्रासोबत मे महिन्याच्या उन्हाळ्यात केलेल्या नव्वद मिनिटांच्या चाचणीचे पान जोडणे सक्तीचे करावे. त्या पानावर किती दिवे टिकले याच्या आधी, किती मध्येच विझले हे लिहिलेले असावे.